पहिल्या प्रकरणात मेलेल्या आया

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीला पोर पोरकं करायची भारी घाई. ऑलिव्हर ट्विस्टची आई पहिलं प्रकरण संपायच्या आत जाते. पिप आपल्याला पहिल्यांदा भेटतो तोच आईबापांच्या थडग्यापाशी. जेन एअर कादंबरीत येते ती मामीच्या घरात बोचकारे खात. हीथक्लिफला तर लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून, कोटाखाली गुंडाळून आणलेलं. त्याला जन्म देणारी कोणी बाई होती की नाही, याची चौकशीसुद्धा त्या घरात कोणी करत नाही.

या कादंबऱ्या मी वसईत बरीच वर्षं शिकवल्या. समोर बसणारी मुलं विरार लोकलमध्ये चेंगरून आलेली किंवा सकाळी वाडीत पाणी सोडून आलेली. त्यांना लंडनचं धुकं आणि वर्कहाऊसमधली पातळ पेज समजावून सांगायला फार कष्ट पडले नाहीत. अडचण आली ती दुसरीकडे. नंदाखालच्या बाजूची एक मुलगी एकदा म्हणाली, “मॅडम, या सगळ्या आया मरतात कशाला?” मी पुस्तकी उत्तर दिलं : त्या काळी बाळंतपणात बायका फार जात, औषधपाणी नव्हतं वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तसं नाही. आई राहिली असती तर गोष्टच झाली नसती. म्हणून मारलीय.”

ती वर्गात फारशी बोलणारी नव्हती. पण डिकन्सवरच्या जाडजूड समीक्षाग्रंथांत मला जे नीट सापडलं नव्हतं ते तिने बसल्या जागेवरून सांगितलं. आई जिवंत ठेवायची तर कादंबरीकाराला तिच्याबद्दल काहीतरी ठरवावं लागतं. ती वाईट चालीची की फसवलेली? तिला शिक्षा करायची की माफी द्यायची? बाप कोण, आणि तो कुठे आहे? आई मेली की हे सगळे प्रश्न तिच्याबरोबर पुरले जातात आणि मागे उरतं एक निष्पाप पोर. त्याच्याकडे बघून कोणीही डोळे पुसावेत, कोणाची हरकत नाही.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ १८३७ साली मासिकातून येऊ लागली, त्याच्या तीनच वर्षं आधी, १८३४ मध्ये, इंग्लंडात गरिबांविषयीचा नवा कायदा झाला होता. त्यातल्या एका कलमाने लग्नाबाहेर झालेल्या मुलाची जबाबदारी सगळीच्या सगळी आईवर टाकली. बापाला मोकळं सोडलं. म्हणे, त्यामुळे बायका जपून वागतील. हे कलम इतकं निर्दय ठरलं की दहा वर्षांत ते बदलावं लागलं. ऑलिव्हरच्या आईला ज्या रात्री रस्त्यात पडलेली उचलून वर्कहाऊसमध्ये आणली, त्या रात्रीची पार्श्वभूमी हा कायदा आहे. डिकन्स तो जाणून होता, त्याच्यावर चिडलेलाही होता. तरी त्याने पोराचा हात धरला आणि आईला जाऊ दिलं.

त्या वेळी तो लंडनच्या डॉउटी स्ट्रीटवर राहत होता. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर फाउंडलिंग हॉस्पिटल होतं. हॉस्पिटल हे नावापुरतं. खरं म्हणजे टाकलेल्या मुलांचं घर. ते काढलं थॉमस कोरम नावाच्या एका म्हाताऱ्या दर्यावर्दीने. लंडनच्या वाटेवर उकिरड्यांवर टाकलेली अर्भकं बघून त्याचा जीव कळवळला आणि त्याने सतरा वर्षं सरदारांचे आणि त्यांच्या बायकांचे उंबरे झिजवले. शेवटी राजाची सनद मिळाली ती ऑक्टोबर १७३९ मध्ये. वसईकराला या सालापाशी थबकावंच लागतं. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. आमच्याकडे १७३९ म्हटलं की सुरुंग, तट आणि देवळादेवळांत गेलेल्या पोर्तुगीज घंटा एवढंच आठवतं. तिकडे त्याच साली एका राजाने टाकलेल्या पोरांना छप्पर द्यायच्या कागदावर सही केली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण माझ्यासारखीच्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या राहतात, त्याला इलाज नाही.

कोरमच्या घरात पहिली बाळं १७४१ मध्ये घेतली. बाळ देणारी आई आपली खूण सोडून जाई : अर्धं मोडलेलं नाणं, फितीचा तुकडा, झबल्याची चिंधी, एखादं बटण. पुढेमागे दिवस फिरले आणि ती बाळ न्यायला आली, तर दुसरा अर्धा भाग दाखवून तिने ते ओळखायचं. फारच थोड्या परत आल्या. त्या खुणा आजही लंडनमध्ये जपलेल्या आहेत. (आपल्या आजच्या कायद्यात मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या चिंध्यांना मुदत नव्हती, पण उपयोगही नव्हता.) मग १७५६ ते १७६० या चार वर्षांत सरकारने पैसे दिले आणि येईल ते बाळ घ्यायचं ठरलं. जवळजवळ १५ हजार बाळं आली. त्यांतली दोनतृतीयांश दगावली. तेव्हापासून दार पुन्हा अर्धं लोटलं गेलं. डिकन्सच्या काळी तिथे बाळ ठेवायचं तर आईला अर्ज करून, समितीपुढे उभं राहून सिद्ध करावं लागे की हे आपलं पहिलंच मूल आहे, आधी आपली वागणूक चांगली होती आणि बाप आपल्याला टाकून गेला आहे. म्हणजे तिथे आई चांगली जिवंत होती. रांगेत उभी होती. कादंबरीत तिला जागा नव्हती, एवढंच.

आत घेतलेल्या प्रत्येक बाळाचं नाव बदलत. सुरुवातीला तर विश्वस्तांची, बड्या सरदारांची नावं सर्रास देत; पुढे मोठी झालेली काही मुलं त्या घराण्यांशी नातं सांगू लागली, तेव्हा ती पद्धत आवरली. ऑलिव्हरचं नाव बंबल हा पॅरिशचा शिपाई बाराखडीच्या क्रमाने ठेवतो, मागच्या पोराला एक अक्षर, याला पुढचं. वाचक हसतात. माझ्या वर्गात हसू कमी आलं. वसईच्या पट्ट्यातले आमचे परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज ही आडनावं कुठून आली हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या पोर्तुगीज माणसाने धर्मपिता म्हणून हात ठेवला, किंवा ज्या पाद्रीबाबाने पाणी घातलं, त्याचं नाव पुढे चालत आलं. घर तेच, वाडी तीच, बोली तीच सामवेदी, कूळही बहुधा आठवणीत. नाव मात्र लिस्बनचं. दुसऱ्याने दिलेलं नाव सांभाळत, त्यात मुरत, ते आपलंच करून टाकणं हे इथे चारशे वर्षं चाललेलं काम आहे. म्हणून ऑलिव्हरच्या नावाचा विनोद इथे अर्धाच लागू पडतो.

पोर्तुगिजांनी अनाथ मुलांसाठी कायदाही केला होता, आणि तो कोरमच्या १८० वर्षं आधी. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की गोव्यातल्या हिंदूंच्या ज्या मुलांना आई, बाप, आजा, आजी कोणीच उरलेलं नाही, ती जेझुइटांच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावं. कागदावर दया दिसते. पण पुढे व्याख्या सैल होत गेली आणि आई घरात जिवंत असूनही केवळ बाप वारला म्हणून मूल अनाथात धरलं जाऊ लागलं. पोर्तुगीज मुलुखातले हिंदू या कायद्याला किती भ्यायचे, याच्या नोंदी भरपूर आहेत. मयताच्या घरातलं पोर रातोरात सीमेपार पोचवलं जाई. इथे आईला मारायचीही गरज नाही, नुसती हिशेबातून वगळली की झालं. डिकन्सची करुणा आणि हा हुकूम यांना मी एका मापाने तोलत नाही. तरी पोर ‘कोणाचंही नाही’ हे सिद्ध करण्याची खटपट दोन्हीकडे दिसते, आणि त्या खटपटीत आईचाच अडथळा असतो.

आता ऑलिव्हरबद्दल माझी खरी तक्रार. वर्कहाऊसमध्ये जन्मून, चोरांच्या टोळीत राहून हा मुलगा बोलतो मात्र एखाद्या सुखवस्तू घरातल्यासारखं शुद्ध. शिवी त्याच्या तोंडी बसत नाही. शेवटी कळतं, बाप खानदानी होता. रक्त बोललं म्हणायचं! सगळी कादंबरी समाजाला दोष देत चालते आणि शेवटच्या प्रकरणांत हळूच रक्ताच्या बाजूला जाऊन बसते. एस्थर समरसनचंही तेच. ‘ब्लीक हाउस’मध्ये लहानपणी तिला सांगितलं जातं की तुझा जन्म हाच तुझ्या आईला लागलेला काळिमा, पुढे आई निघते लेडी डेडलॉक. इथे आई जिवंत आहे हे खरं, पण लेकीला एकदाच भेटून, आपल्याला ओळखू नकोस असं बजावून जाते, आणि शेवटी कब्रस्तानाच्या फाटकाशी मरून पडलेली सापडते. त्याच कादंबरीत रस्ता झाडणारा ‘जो’ नावाचा पोरगा आहे. त्याला आडनाव नाही, आईबाप नाहीत, आणि खानदानी रक्तही नाही. तो मरतो. डिकन्सला माहीत होतं, रक्त नसलेल्या पोराचं काय होतं ते. पण नायकाच्या बाबतीत हे कबूल करायचं धाडस त्याला झालं नाही.

‘लिटल डॉरिट’मधली टॅटीकोरम मला या सगळ्यांत जास्त खरी वाटते. कोरमच्या घरातून आणलेली मोलकरीण. मूळ नाव हॅरिएट, मालकांनी लाडाने मोडतोड करून टॅटी केलं आणि मागे कोरम लावून टाकलं. राग आला की पंचवीस अंक मोजायची शिकवण. ती चिडते, भांडते, पळून जाते. उपकाराच्या घरात राहणाऱ्या पोराच्या पोटात काय धुमसत असतं, ते तिच्या रागात आहे. आणि मग डिकन्स तिला रडवत, पश्चात्ताप करवत परत आणतो. ते पान मला दर वेळी खोटं वाटतं.

जॉर्ज एलियटने हे वेगळ्या रीतीने केलं. ‘सायलस मार्नर’ १८६१ची. बर्फात मेलेल्या आईच्या शेजारून रांगत एक पोर एकट्या विणकऱ्याच्या चुलीपाशी येतं. सोळा वर्षांनी खरा बाप, गावातला जमीनदार, त्या पोरीला, एपीला, न्यायला येतो. एपी सरळ नाही म्हणते. रक्त हरतं. या प्रसंगावर वर्गात हमखास वाद व्हायचा, आणि मुलीच बहुधा एपीच्या बाजूने असायच्या.

पण एलियटने त्याच्या दोन वर्षं आधी याहून अवघड काम केलं होतं. ‘अ‍ॅडम बीड’मध्ये तिने मूल सोडून आईचा पाठलाग केला. हेट्टी सॉरेल, शेतावर लोणी काढणारी देखणी मुलगी. जमीनदाराच्या नातवापासून दिवस गेलेले. वाटेत कुठेतरी बाळंत होते आणि बाळ रानात गवतमातीखाली झाकून ठेवते. त्याच्या रडण्याने परत फिरते, तोवर उशीर झालेला असतो. फाशीची शिक्षा होते, ऐनवेळी बदलून काळ्या पाण्याची. ही गोष्ट एलियटला आपल्या मेथॉडिस्ट चुलतीकडून कळली होती : १८०२ साली नॉटिंगहॅमला मेरी व्होस नावाच्या बाईला बाळाच्या खुनासाठी फाशी दिलं, तेव्हा आदल्या रात्री ही चुलती तिच्याजवळ तुरुंगात होती. कादंबरीतल्या हेट्टीला एलियटने फासावरून उतरवलं, पण गावात परत येऊ दिलं नाही.

‘अ‍ॅडम बीड’ १८५९मध्ये छापली गेली. त्याच सुमाराला पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस राहिले. पाडायची औषधं घेतली, लागू पडली नाहीत. मुलगा झाला. तिने त्याला मारलं आणि मागच्या विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप होऊन अंदमानला धाडलं. शास्त्रीबुवांना काहीही झालं नाही. हे सगळं जोतीराव फुल्यांनी १८८४ साली समाजसुधारक मलबारींच्या विधवांविषयीच्या टिपणावर दिलेल्या आपल्या मतात लिहून ठेवलं आहे. गोवंडे त्यांचे मित्र, प्रसंग जवळच्या घरातला. त्यानंतरच १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि ब्राह्मण वस्तीतून पत्रकं लावली की विधवांनी इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या खुशीवर. त्याच मतात त्यांनी हिशेब दिला आहे : तोवर ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या, आणि त्यांच्या मुलांपैकी जगली ती ५. बाकीची गेली, कारण आयांनी आधीच विषारी औषधं घेऊन पोटात त्यांना इजा केलेली होती.

कोरमच्या समितीपुढे आईला चारित्र्य सिद्ध करावं लागे. फुल्यांच्या दारात आईला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. माझ्या मते हा फरक इमारतींपेक्षा आणि आकड्यांपेक्षा मोठा आहे.

पुढे १८७५मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी टाकलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला. तो मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालवला आणि वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बाळाच्या खुनासाठी आधी फाशी, मग काळं पाणी, मग पाच वर्षं अशी उतरती शिक्षा झाली. तिच्यावर वर्तमानपत्रांत जे काही लिहिलं गेलं ते वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुषतुलना’ लिहिलं. हेट्टीच्या बाजूने असं कोणी भडकलेलं मला तिच्या कादंबरीत दिसत नाही. तिच्यावर जीव असलेला अ‍ॅडम दुःखी होतो. प्रेमळ डायना मॉरिस असते. ती हेट्टीला कवटाळून बसते, प्रार्थना करते. भडकत कोणी नाही.

फुल्यांच्या घरी १८७४मध्ये आणखी एक काशीबाई आली, हीसुद्धा विधवा. तिच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. यशवंत. आणि इथे मला ऑलिव्हरची शेवटची प्रकरणं आठवतात, कारण दोन्ही गोष्टींत एक मृत्युपत्र आहे.

ऑलिव्हरच्या बापाने मृत्युपत्रात त्याच्यासाठी पैसे ठेवले होते, पण एका अटीवर : सज्ञान होईपर्यंत त्याने नावाला बट्टा लागेल असं काही करता कामा नये. म्हणून तर सावत्र भाऊ मंक्स त्याला चोर बनवायला धडपडतो. ते मृत्युपत्र जाळून टाकलेलं असतं, ऑलिव्हरचा जन्म दडवलेला असतो, आईचं लॉकेट नदीत फेकलेलं असतं. सगळी कादंबरी त्या लपवालपवीवर उभी आहे. फुल्यांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र केलं. त्यात यशवंत काशीबाईच्या पोटचा हे सरळ लिहिलं आहे. सावित्रीबाईंनी त्याची नाळ कापली, त्याला वाढवलं, हेही लिहिलं आहे. अट इथेही आहे : यशवंत नालायक निघाला तर माळी, कुणबी, धनगर वगैरे शूद्र मानलेल्या जातींतला एखादा हुशार, लायक मुलगा वारस नेमावा. अट वाचून मी आधी दचकले होते. दत्तक पोराच्या डोक्यावर ही टांगती तलवार कशाला? मग लक्षात आलं, डिकन्सच्या अटीत पोराने बापाच्या रक्ताला शोभायचं आहे. फुल्यांच्या अटीत रक्ताचा विषयच नाही. यशवंताच्या जागी जो येईल तोही परक्याचाच मुलगा.

हे सगळ्यांना पचलं नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं धरलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर दवाखाना थाटला. आजारी माणसं तिथे पोचवता पोचवता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. यशवंतही पुढे काही वर्षांनी गेला.

एवढं सगळं डोळ्यांदेखत घडत असताना मराठी कादंबरी काय करत होती? बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०च्या आसपासची. दोन्हींच्या मध्यावर विधवा आहे. हरिभाऊंची यमू तर स्वतःच्या तोंडाने सगळं सांगते, आणि तिच्यासारखी बोलणारी विधवा त्या काळच्या इंग्रजीत मला भेटलेली नाही. आपल्या कादंबरीने आईला मारलं नाही, हे तिचं मोठेपण. पण मूल? ते आलं तर औषधाच्या पुडीपुरतं, विहिरीच्या बातमीपुरतं. पंढरपूरच्या आश्रमात वाढलेला, नाव दुसऱ्याने ठेवलेला, पोटात टॅटीकोरमचा राग घेऊन फिरणारा मुलगा त्या शतकातल्या मराठीत नायक झालेला माझ्या वाचनात नाही. तिकडे पोर राहिलं आणि आई गेली. इकडे आई राहिली आणि पोर गेलं. दोघांना एकाच पुस्तकात जिवंत ठेवलेलं मी शिकवलेल्या पुस्तकांत कुठे दिसलं नाही, एलियटमध्येसुद्धा नाही.

यशवंत नाटकांत, चित्रपटांत दिसतो तो कडेला, आईवडिलांच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून. त्याच्यावर कोणी कादंबरी लिहायला घेतली तर तिला पहिल्याच पानावर दोन आया लागतील, एक प्रसूत झालेली आणि एक नाळ कापणारी. त्यांतली एकही पहिल्या प्रकरणात मरून चालणार नाही. रहस्यही काही उरणार नाही, कारण बापाने सगळं कागदावर लिहून ठेवलंय. आणि मग कादंबरीकाराला शेवटपर्यंत दुसरंच काही शोधावं लागेल : आपण कोणाचे हे पहिल्यापासून माहीत असलेला मुलगा, दवाखान्याचं दार उघडून बसतो तेव्हा, समोर आलेल्या गावाला कसा दिसतो, आणि गाव त्याला.